चौतीसची कंबर

३ जून

चि. सुई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. तुझा फोन आला की तुझी मामी स्पीकर लावते आणि मग आपल्या दोघांच्या बोलण्यात तीच जास्त बोलते. म्हणून दुकानातून, कटिंग टेबलावरून लिहितोय. तिने विचारलंच तर लॅबच्या कोटांबद्दल होतं म्हणून सांग.

काम छोटं आहे. तुमच्या लॅबची जाहिरात पेपरात आली होती, 'चरबीचे हार्मोन तपासा', आणि शेजारी तुझ्या साहेबांचा हाताची घडी घातलेला फोटो. मामीने ती कापून माझ्या मशीनवर चिकटवली. दोरा ओवायला वाकलो की साहेब माझ्याकडे बघतात. तिच्या डोक्यात एकच घुसलंय: पुढच्या वर्षी मी थोरल्याच्या वयाचा होणार, माझा हा थोरला भाऊ याच टेबलावर कापड कापता कापता गेला, तेव्हा आता माझी पाळी.

पण तुला माहीत आहे, आमच्या घराण्याची कंबर चौतीस. वडिलांची चौतीस, थोरल्याची शेवटपर्यंत चौतीस, माझी लग्नापासून चौतीस. थोरल्याने स्वतःसाठी कापलेली शेवटची पँट मी शिवून पुरी केली, ती अजून दर्शनी टांगलेली आहे. गिऱ्हाईक तिची शिवण बघून कापड टाकतं. थोरल्याचं हार्ट वाईट निघालं, त्याला कंबर काय करणार?

तर लॅबच्या कागदावर एकच ओळ लिहून पाठव, की चौतीस कंबरेच्या माणसाला हार्मोनचा त्रास होत नाही. खाली सही आणि शिक्का. शिक्का जरा ठळक उमटव, मामीला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे.

तुझा
मामा


११ जून

ती. मामा, नमस्कार.

शिक्का पाठवत नाही. तुमची ओळ खोटी असण्याची शक्यता बरीच आहे.

चरबी म्हणजे कोटाच्या खांद्यात भरायचं पॅडिंग, असं बहुतेकांना वाटतं. ती ग्रंथीसारखं काम करते आणि दिवसभर अंगभर निरोप पाठवत असते. त्यातला एक लेप्टिनचा: पोट भरलं, थांबा. चरबी वाढते तसा हा निरोपही वाढतो, फक्त मेंदू तो ऐकेनासा होतो. मामी तुम्हाला वीस वर्षं एकच गोष्ट सांगते आहे. ती शेवटची कधी ऐकू आली ते आठवा, म्हणजे ही क्रिया समजेल.

दुसरा निरोप ॲडिपोनेक्टिनचा. तो इन्सुलिनचं काम सोपं करतो. पोट वाढेल तसा हा मात्र कमी होत जातो. संस्था फुगली की कामाची माणसं सोडून जातात, तसं.

इन्सुलिन चरबीतून येत नाही, स्वादुपिंडातून येतं. त्याने दार वाजवलं की पेशी साखर आत घेते. पोटात चरबी फार झाली की पेशी दार उघडायला टाळाटाळ करतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, दार आणखी जोरात वाजवतं. साखर कशीबशी आत जाते, साखरेचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि घरचे खूश होतात. आत केवढा आरडाओरडा चालला आहे हे त्या रिपोर्टात दिसत नाही. हे वर्षानुवर्षं चालू शकतं. दरम्यान रक्तदाब चढतो, रक्तातली चरबी बिघडते, हृदयावर ताण येतो. या सगळ्याला मिळून डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्याचं एक माप टेपने घेतात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावा. श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर. पुरुषाला नव्वद सेंटिमीटरच्या वर धोका धरतात. चौतीस इंच म्हणजे शहाऐंशी. तुमचा आकडा मला मान्य आहे. तो कुठे घेतला, एवढंच मला माहीत नाही.

आणि उपाशीपोटी रक्त द्या. आमची माणसं दुकानात येऊन घेतील.

सुई


२४ जून

चि. सुई,

बरगडी सापडली. हाड सापडेना. मामीला शोधायला सांगितलं तर म्हणाली, "लग्नात बघितलं होतं."

अगं, मी जन्मभर मापं घेतोय. पँट जिथे बसते ती कंबर. पँट पोटाखाली बसते, म्हणजे कंबर पोटाखाली. पोट हा वेगळा प्रदेश, तो शर्टाच्या हद्दीत येतो. तरी तुझ्या समाधानासाठी कारागिराला टेप लावायला सांगितली. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "चौतीस!" समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनीही ऐकलं.

तुझं ते हाड-बरगडी पुस्तकात ठीक आहे. धंद्यात माणूस बघावा लागतो. गिऱ्हाइकाला ऐकू जाणारा आकडा वेगळा आणि कापडाचा वेगळा. मी टेप लावून "अडतीस" अशी हाक देतो, कारागीर मान हलवून बेचाळीस लिहितो. पँट बसते, माणूस म्हणतो, "बघा, अजून अडतीसच!" आणि पुढच्या खेपेला कापड घेऊन इथेच येतो. पलीकडच्या गल्लीतला शिंपी खरा आकडा ओरडायचा. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

रक्त दिलं. तुमच्या लॅबची मुलगी हलक्या हाताची आहे. तिचा कोट मीच शिवलेला, खांदा जरा उतरलाय. पाठवून दे म्हणावं, नीट करून देतो.

तुझा
मामा


६ जुलै

चि. सुई,

जिंकलो!

रिपोर्ट आला. लेप्टिन नॉर्मल. ते दुसरं, नाव लांबलचक असलेलं, तेही नॉर्मल. इन्सुलिन एकतीस, आणि पुढे छापलंय की पस्तीसपर्यंत नॉर्मल. साखर तर अगदी शहाण्यासारखी. एक आकडा लाल नाही आणि खाली कुणाची सही? आमच्या सुईची! वा गं वा. पत्रात मामाला घाबरवतेस आणि रिपोर्टात पाठीवर थाप.

मामीने दोनदा वाचला. मी लॅमिनेशन करून ट्रायल रूममध्ये आरशाशेजारी लावला. गिऱ्हाइकाला पँट तंग झाली की मी रिपोर्टाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "काळजी करू नका, कापड आटलं असेल." सकाळचं चालणं बंद केलंय. नॉर्मल माणसाने चालून जायचं कुठे? चहाबरोबर बिस्किटंही पूर्ववत.

रिपोर्ट बघून तुझ्या ऑफिसातली माणसं आठवली. तू नोकरीला लागलीस तेव्हा सगळ्यांच्या कोटांची मापं मीच घेतली होती ना! एक तू सोडलीस तर प्रत्येकाला पोटावर जास्तीचा घेर द्यावा लागला. साहेबांपाशी तर टेप संपत आली होती. मुद्दाम ढगळ कापले सगळे. त्या कोटात कुणाचं पोट कुणाला दिसत नाही, ज्याचं त्यालाही नाही. किती खातीपिती, हसतमुख माणसं! तेव्हा ठाऊक नव्हतं, मीही त्यांच्यातलाच.

तुझा नॉर्मल
मामा


९ जुलै

सुई,

मामा तुला चोरून पत्रं लिहितात हे मला माहीत आहे. पोस्टात टाकायला माझ्याकडेच देतात. मी वाचत नाही. सगळं वाचत नाही.

एक विचारायचं होतं. ह्यांच्या मानेभोवती काळा पट्टा आलाय. मळासारखा, पण हात लावला तर मखमलीसारखा जाड. हे म्हणतात टेपचा रंग उतरतो, दिवसभर गळ्यात असते. टेपा बदलून झाल्या, पिवळी आणली, पांढरी आणली, पट्टा काळाच. मी आंघोळीला बसवून साबणाने घासते, दगडाने घासलं, मान सोलून निघाली तरी रंग जाईना. थोरल्या भाऊजींची मानसुद्धा अशीच होती. तेही टेपलाच शिव्या द्यायचे.

आणि जेवले की मशीनवर डोकं टेकून झोपतात. परवा झोपेत पाय पायडलवर पडला आणि एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं तोंड शिवून टाकलं. तो बिचारा ट्रायल रूममध्ये हात बाहेर कुठून काढायचा ते शोधत होता.

रिपोर्ट नॉर्मल आहे. खाली तुझी सही आहे. मग मी वेडी आहे का, तेवढं कळव. वेडी असेन तर घासणं थांबवते.

मामी


१५ जुलै

मामी,

तू वेडी नाहीस. तरी घासणं थांबव, तो रंग बाहेरून लागलेला नाही. रक्तात इन्सुलिन फार असलं की मानेची कातडी अशी जाड आणि काळी होते. अशी मान आणि नॉर्मल इन्सुलिन, दोन्ही एकाच माणसात सहसा सापडत नाहीत. मानेने खोटं बोलायचं काही कारण नाही. म्हणून मी रिपोर्ट तपासते आहे.

मामांना अजून काही सांगू नकोस. चिडले की ते बिस्किटं जास्त खातात.

सुई


२३ जुलै

ती. मामा, नमस्कार.

ट्रायल रूममधला रिपोर्ट काढा. कारण खाली देते.

आमच्याकडे सॅम्पलवर नाव नसतं, बारकोड असतो. रेंजबाहेरचा, म्हणजे नॉर्मलच्या हद्दीबाहेरचा, आकडा मशीन लाल करतं. ज्या रिपोर्टात लाल काही नाही, त्यावर माझी सही आपोआप छापली जाते. तुमच्या रिपोर्टावर तशीच पडली. मी नोकरीला लागले तेव्हा रेंज आधीच ठरलेली होती. ती कशी ठरली, हे तुमचं कोटांबद्दलचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा विचारलं.

आमच्या सर्वात जुन्या टेक्निशियनना सगळे काका म्हणतात. ते म्हणाले, "तपासणीच्या किटबरोबर ते बनवणाऱ्या कंपनीची रेंज यायची. तिच्यात अर्धे लोक लाल यायचे. मग घाबरून दुसऱ्या लॅबमध्ये जायचे. साहेब म्हणाले, प्रत्येक लॅबने आपली रेंज स्वतः पडताळावी असं पुस्तकातच आहे. मग पडताळली."

"कुणाच्या रक्तावर?"

"निरोगी माणसांच्या."

"कुठली निरोगी माणसं?"

"आपलीच की. स्टाफ."

"निरोगी कशावरून?"

काकांनी थोडा विचार केला. "त्या दिवशी कामावर आली होती."

मग साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कोटाची बटणं लावली. तुमचा कोट त्यांना चांगला बसतो, लागलेली बटणं सुटत नाहीत. म्हणाले, "पेशंटला घाबरवणं आपलं काम नाही."

मी म्हटलं, "मोजणं आहे का?"

"तुम्ही एवढ्या बारीक. तुम्हाला कसला त्रास होतोय?"

किट बनवणाऱ्यांच्या रेंजप्रमाणे तुमचं इन्सुलिन जास्त आहे आणि ॲडिपोनेक्टिन कमी. साखर स्वच्छ आहे ती आतल्या आरडाओरड्यामुळे. तुम्ही नॉर्मल आहात, याचा अर्थ तुम्ही आमच्या साहेबांइतके नॉर्मल आहात.

तुम्ही "अडतीस" म्हणता तेव्हा तुमचा कारागीर निदान बेचाळीस लिहितो. आमच्याकडे अडतीस म्हणतात आणि अडतीसच लिहितात.

आपोआप छापली जाणारी सही मी बंद करवली आहे. तुमचा दुरुस्त रिपोर्ट सोबत आहे, त्यावरची सही हाताने केली आहे. डॉक्टरांना दाखवा. आणि चालायला लागा.

सुई


१ ऑगस्ट

चि. सुई,

शिवून दिलेला कपडा दुकान परत मागत नाही. तू मात्र दिलेलं नॉर्मल परत मागतेस.

रिपोर्ट काढणार नाही. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून कापड टाकतात. नवा कागद मी मशीनच्या खणात ठेवलाय, बॉबिनांखाली. लाल शाई फार वापरतेस.

साहेबांशी भांडू नकोस. मोठा माणूस आहे. त्याची छाती मोजलेली आहे मी.

मामा


२१ ऑगस्ट

ती. मामा, नमस्कार.

तुमचं पत्र नाही. मामीकडून कळलं की डॉक्टरांकडे गेला नाहीत आणि मशीनवर दुपारची झोप वाढली आहे.

मी वाद घालत नाही. एकच करा. थोरल्या मामांची पँट दर्शनी टांगलेली आहे, ती घालून बघा. पट्ट्याचं बटण लावा, श्वास आत न ओढता. तुम्ही जाडे आहात असं मी म्हटलेलं नाही. उलट, तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती चौतीसची आहे आणि तुम्हीही चौतीस, तेव्हा ती बसलीच पाहिजे. बसली की टेप घ्या आणि पट्टा मोजा.

पट्टा चौतीस भरला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शिक्कासुद्धा पाठवेन.

सुई


४ सप्टेंबर

चि. सुई,

बसली.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ट्रायल रूममध्ये गेलो, तुझ्या जुन्या रिपोर्टासमोर उभा राहून घातली. बटण अलगद लागलं. मला आधी आनंद झाला. म्हटलं, आता सुईला कळवतो. मग टेप घेतली. पट्टा एकोणचाळीस.

मला वाटलं टेप उलटी धरली. पुन्हा मोजलं. त्या दिवशी थोरल्याने कापताना "चौतीस" अशी हाक दिली होती आणि मी शिवली. थोरल्याने सांगितलेल्या आकड्याला टेप कोण लावणार? इतकी वर्षं तीच पँट दाखवून लोकांना म्हणत आलो, ही आमच्या घराण्याची कंबर.

बाहेर येऊन कारागिराला विचारलं, "माझं माप घेतलंस, चौतीस म्हणालास. लिहिलंस किती?"

तो दोरा ओवू लागला.

"लिहिलंस किती, रे?"

"मालक, तुम्हीच शिकवलंत," म्हणाला आणि काज करत बसला.

तोही किती वर्षं माझ्या पँटी मला कळू न देता सैल करत होता देव जाणे. मी गिऱ्हाईक झालो होतो, सुई, माझ्याच दुकानातला. आणि पँट थोरल्याची होती, म्हणजे शेवटी तो जेवढा होता तेवढाच मी आता आहे. बोटभर फरक नाही. ती पँट अंगात असताना टेबलाकडे बघवेना.

घरी आल्यावर मामीला हाड शोधायला सांगितलं. या वेळी तिने चेष्टा केली नाही. बराच वेळ चाचपत होती, सापडलं तेव्हा तिचे डोळे भरले. तू सांगितलंस तसं माप घेतलं. श्वास सोडला. तिला म्हटलं, आकडा वाचू नकोस. टेप जिथे जुळली तिथे तिने कात्री चालवली.

तुकडा पाकिटात आहे. मी बघितलेला नाही. तू वाच.

मामा

ता. क. रिपोर्ट काढलाय. आरशाशेजारी भिंतीवर चौकोन उमटलाय. गिऱ्हाइकं विचारतात, इथे काय होतं? मी म्हणतो, जाहिरात.


१२ सप्टेंबर

ती. मामा, नमस्कार.

टेप मिळाली. कापल्या जागी आकडा एकशे सात आहे. टेप जुनी आहे आणि जुनी टेप ताणली जाते, म्हणून स्टीलच्या पट्टीशी पडताळली. खरं माप एकशे नऊ. म्हणजे टेपसुद्धा तुम्हाला दोन सेंटिमीटर सांभाळून घेत होती.

इकडची बातमी थोडक्यात. साहेबांनी रेंज बदलली नाही, जाहिरातीतल्या तपासणी पॅकेजचं नाव बदललं. आता ते 'निश्चिंत पॅकेज' आहे. हाताने सही करायची तर मी कंपनीची रेंज लावते, आणि तशी रेंज लावली की लाल फार येतं, म्हणून मला जायला सांगितलं. कोट परत मागितला. तो तुम्ही शिवलेला असल्याने दिला नाही. मी निघताना काकांनी माझ्यासमोर दंड पुढे केला आणि म्हणाले, "माझं एकदा कंपनीच्या रेंजवर बघतेस का?" बघितलं. ते आता रोज चालायला जातात. पुढच्या महिन्यात मी एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रुजू होते आहे. तिथले कोट कोण शिवतं माहीत नाही, शिवण वाईट आहे.

तुमच्या मानेबद्दल. मामीने मला लिहिलं होतं, तिला रागावू नका. टेपचा रंग उतरतो हे तुमचं म्हणणं अशक्य नव्हतं. स्वस्त टेपचा उतरू शकतो. म्हणून पाठवलेल्या टेपचे दोन तुकडे केले. एक साबणाच्या कोमट पाण्यात ठेवला, एक स्पिरिटमध्ये. सकाळी ठेवले, संध्याकाळी बघितले. पाणी स्वच्छ आहे. स्पिरिटही स्वच्छ आहे. टेपला आता शिव्या देऊ नका.

थोरल्या मामांच्या टेपचं कुणी असं बघितलं नाही. तुमचं बघितलं आहे, आणि आत्ता या टप्प्यावर हे मागे फिरवता येतं. सहज नाही, पण येतं. पोट थोडं जरी उतरलं तरी निरोप बदलायला लागतात.

शनिवारी मी येते आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सकाळपासून काही खाऊ नका, चहासुद्धा नको. रक्त मी घेईन. टेप नवी आणते, स्टीलच्या पट्टीशी पडताळलेली. माप कारागीर घेईल आणि आकड्याची हाक मामी देईल. स्पीकर नसला तरी चालेल, तिचा आवाज पुरेसा आहे.

तिने हाक दिली की तोच आकडा लिहायचा.

सुई